सळई वर की खाली?

...आणि वर मलाच म्हणतात, "सर, तुम्ही हल्ली फार घाबरता बुवा!" अहो, घाबरू नको तर काय करू? नाचू? तुमचं काय जातंय म्हणायला! तुम्ही कधी त्र्याहत्तर मुलांना इमारती बांधायला शिकवलंय का? नाही ना? मी शिकवलंय. आणि कुठून शिकवलंय? घरातून! इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपखाली दोन जाडजूड पुस्तकं, डोक्यावर वाळत घातलेला टॉवेल आणि समोर त्र्याहत्तर काळ्या चौकटी. प्रत्येक चौकटीत एकेक भावी इंजिनिअर बसलाय असं आपण धरून चालायचं. धरूनच चालायचं हो, दिसत कोण होतं? नावंसुद्धा धड नाहीत. एक जण आईच्या फोनवरून यायचा, त्यामुळे अख्खं वर्ष त्याचं नाव 'आईचा मोबाइल'. हजेरी घेताना मी म्हणायचो, "आईचा मोबाइल?" आणि खाली अक्षरं उमटायची, 'हजर'. दुसरा एक होता, तो कशालाही 'येस सर' लिहायचा. समजलं का? येस सर. नाही समजलं का? येस सर. जेवलास का? येस सर. बाकीचे एकाहत्तर... शांतता. स्मशानात निदान कुत्री तरी भुंकतात.

आता मूळ भानगड सांगतो. तुम्हाला सांगतो, तोवर मी बावीस वर्षं काँक्रीट शिकवत आलो होतो आणि बावीस वर्षं माझी एक ठरलेली खोड होती. गॅलरीचा धडा आला की मी मुद्दाम चूक करायचो. हो, मुद्दाम! गॅलरी म्हणजे काय? एका बाजूला भिंतीत धरलेली, दुसऱ्या बाजूला अधांतरी. तुम्ही हात असा सरळ पुढे धरा, मनगटाला पाण्याची भरलेली बादली अडकवा. ओढ कुठे बसते? खांद्यावर, वरच्या अंगाला. गॅलरीचंही तसंच, ताण वरून येतो. काँक्रीटला ताण सोसत नाही, तो लोखंडाने सोसायचा, म्हणून मुख्य सळई वर. संपलं! एवढंच शास्त्र आहे. पण हे असं सांगितलं की मुलं विसरतात. म्हणून मी काय करायचो, फळ्यावर गॅलरी काढायचो आणि सळई काढायचो खाली. चुकीची! मग खडू खाली ठेवायचो, हात झटकायचो आणि अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारायचो, "बघा बरं नीट. सगळं बरोबर आहे ना?" की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचंच, "ओ सर, पडेल ना ती!" सगळा वर्ग हसायचा, मी म्हणायचो, "शाब्बास! तुझ्यामुळे आज पाच माणसं वाचली." आणि मग ती सळई पुसून वर काढायची. एकदा असं हसून शिकलेला मुलगा आयुष्यात चुकत नाही. बावीस वर्षं! एकदाही चुकली नाही माझी युक्ती.

तेविसाव्या वर्षी ती मी ऑनलाइन केली.

सळई खाली काढली. भोळा चेहरा केला, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून केला, आता कॅमेरा काय हसणार? विचारलं, "बघा बरं नीट. सगळं बरोबर आहे ना?" आणि थांबलो. शांतता. म्हटलं, विचार करताहेत. पुन्हा थांबलो. एक मिनिट. दोन मिनिटं. आतून ही विचारतेय, "संपलं का हो? मिक्सर लावू का?" मी हाताने खूण करतोय, थांब, थांब, आता कुणीतरी बोलेल! चार मिनिटं. खाली अक्षरं उमटली. माझा जीव सुपाएवढा झाला. वाचलं. 'येस सर'. सहा मिनिटं थांबलो हो मी! एक जण... एक जण जरी बोलला असता ना, तर आज मी असा तुमच्यापुढे घसा कोरडा करत बसलो नसतो. शेवटी तास संपला, म्हटलं, "ठीक आहे, भेटू उद्या." आणि उद्या काय? उद्या पुढचा धडा! कारण बावीस वर्षांची सवय, हो. गॅलरी शिकवली म्हणजे चूक दुरुस्त केली, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मी ती केलीच नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आणि परीक्षा कसली त्या वर्षी? पर्याय निवडा! अ, ब, क, ड. चित्र काढायचंच नाही. पुस्तकात आहे की सगळं, पण पुस्तकं माझ्या लॅपटॉपखाली होती, त्यांची कुठे होती देव जाणे.

इथवरही ठीक होतं. पण कॉलेजचा नियम, प्रत्येक तास रेकॉर्ड करून चढवायचा. चढवणारा आमचा संगणकवाला भलताच टापटिपीचा गृहस्थ. त्याने बघितलं, मधे सहा मिनिटं सर नुसतेच बसलेत, डोळे मोठे करून, आणि मागे मिक्सरची चौकशी. त्याने ती सहा मिनिटं कापली! त्यामुळे आता व्हिडिओत मी कसा दिसतो? चुकीची गॅलरी काढतो, ऐटीत विचारतो, "सगळं बरोबर आहे ना?" आणि लगेच स्वतःच म्हणतो, "ठीक आहे!"

हे मला कधी कळलं? सहा वर्षांनी. कुठे? लेकीच्या नव्या घरात. चौथ्या मजल्यावर.

आमच्या लेकीने नवीन घर घेतलं, लहानशी इमारत, मजले चारच, पण गॅलरी मोठी हौसेची. आम्ही दोघं गेलो होतो, तिचे सासू-सासरे आलेले, चार वर्षांची आमची नात. सगळे चहाचे कप घेऊन गॅलरीत. मी हॉलमध्ये, कारण मला उन्हाचा त्रास. तेवढ्यात बेल वाजली. बाथरूमच्या भिंतीला ओल आली होती, ती बघायला बिल्डरने त्याचा इंजिनिअर पाठवला होता. दार मीच उघडलं. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय, आणि एकदम त्याचा चेहरा असा उजळला!

"सर! ओळखलंत? नाही ओळखणार. कसं ओळखाल! मी आईचा मोबाइल!"

खरं सांगतो, इतका आनंद झाला मला. म्हटलं, अरे, तुला चेहरा पण आहे! तर म्हणतो, "सर, ही बिल्डिंग माझीच. बिल्डर कुणाला वेगळा नेमतच नाही, डिझाइनपासून देखरेखीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आणि सर, ती गॅलरी आहे ना, ती तर तुमचीच! ड्रॉइंग करायच्या दिवशी तुमचा व्हिडिओ पुन्हा लावला. थांबवून थांबवून जसंच्या तसं उतरवलं. बघा ना, अजून फोनमध्ये आहे."

आणि त्याने दाखवला. मी बघितला. सळई... खाली. "सगळं बरोबर आहे ना? ठीक आहे!"

आणि ऐका, तुम्ही म्हणाल, सळई चुकली असती तर ती गॅलरी टेकू काढल्याबरोबर नसती का पडली? पडली असती तर बरंच की! पण काही काही नतद्रष्ट गॅलऱ्या पडत नाहीत. नुसत्या काँक्रीटच्या जिवावर तग धरतात. वर्ष, दोन वर्षं, कधी पाच-सहासुद्धा. तडा नाही, आवाज नाही, कुरकुर नाही. आणि मग एक दिवस चार माणसं जास्त उभी राहतात...

मी मान वळवून बघितलं. चार नाही, पाच! जावई कठड्याला रेलून उभा, व्याही खुर्चीत, लेक कप गोळा करतेय, विहीणबाई कुंड्यांना पाणी घालताहेत. कुंड्या किती? चौदा! ओली माती किती जड असते माहितीये तुम्हाला? आणि मधोमध आमची नात. दोरीवरच्या उड्या मारतेय! धप्प... धप्प... धप्प...

आता ओरडावं, तर घाबरून सगळे एकदम पळतील, म्हणजे तेवढाच जास्त हादरा. सांगावं, तर काय सांगू? की जावईबापू, मी आपल्याला मारायची सोय सहा वर्षांपूर्वीच करून ठेवलीये? आणि डोक्यात, जित्याची खोड, हिशोब सुरू झाला. व्याही ऐंशी किलो, जावई सत्तर, लेक पंचावन्न... विहीणबाईंचा अंदाज येईना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दारातून, मोठ्यांदा, "विहीणबाई, तुमचं वजन किती?"

शांतता. ती कसली शांतता म्हणता! आमच्या ऑनलाइन वर्गात कधी झाली नव्हती तसली. विहीणबाईंच्या हातातली झारी तशीच तिरकी, पाणी त्यांच्याच पायावर पडतंय. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे अशी बघतेय की गॅलरीआधी मीच कोसळावं. विहीणबाई म्हणाल्या, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "काही नाही, सहज... तुम्ही आत या ना. आधी तुम्ही. सगळ्यात आधी तुम्हीच!" झालं! त्या म्हणाल्या, "मी इथेच बसते." आणि चौदा कुंड्यांच्या मधे खुर्ची ओढून धप्पकन बसल्या. ती गॅलरी हलली की मी हललो, मला आजही सांगता येणार नाही.

मग मला एकच सुचलं. मी छातीला हात लावला, "आई गं!" म्हणालो आणि हॉलमध्ये आडवा झालो. सपशेल! धावले सगळे. लेक "बाबा, बाबा" करतेय, जावई फोन शोधतोय, व्याही वारा घालताहेत, आणि विहीणबाईसुद्धा आल्या बरं का, राग बाजूला ठेवून, पाणी घेऊन. मी जमिनीवर पडून डोळे किलकिले करून मोजतोय. एक... दोन... तीन... चार. चारच! पाचवी कुठाय? आणि बाहेरून आवाज, "आजोबा, बघा, किती उंच!" धप्प.

त्या क्षणी माझं काय झालं ते मी सांगू शकत नाही. विनोद नाही करत आहे. माझी नात आहे हो ती. मी उठलो. छातीचा पेशंट, मिनिटापूर्वी आडवा झालेला, विहीणबाईंच्या हातातला तांब्या उडवून, जावयाच्या पायावर पाय देऊन, गॅलरीत धावलो, पोरीला कमरेला धरून उचललं आणि आत आलो. तिला छातीशी धरून भिंतीला टेकलो आणि रडलो. सगळ्यांसमोर. नात म्हणते, "आजोबा, माझी दोरी राहिली." म्हटलं, राहू दे तिथेच. एक जण! त्र्याहत्तरांतला एक जण बोलला असता ना, तर ती पोर आज सुखाने उड्या मारत असती आणि माझी विहीण माझ्याशी बोलत असती.

मग मी त्या आईच्या मोबाइलला दंडाला धरून बाथरूममध्ये नेलं, आतून कडी लावली. म्हटलं, "ओल राहू दे. खरं सांग. सळई वर की खाली?"

"खाली, सर. तुम्हीच तर..."

मी कमोडवर बसलो. झाकणावर.

तो म्हणाला, "सर, म्हणजे ड्रॉइंगमध्ये खाली. पण सॉरी हं सर... प्रत्यक्षात वर आहे. आमचा सळईवाला मिस्त्री फार हट्टी माणूस. ड्रॉइंग बघितलं आणि हसत सुटला. मी त्याला म्हटलं, हे आमच्या सरांचं आहे. तर म्हणाला, साहेब, तुम्ही सावलीत बसा, ऊन फार आहे. आणि वर टाकली. मी त्याला फार बोललो, सर. तुमचा शब्द मोडला म्हणून दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही."

अहो, कुठे आहे तो मिस्त्री? मी त्याला तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. म्हटलं, "मिस्त्री, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" पलीकडे काहीतरी ठोकल्याचा आवाज, मग म्हणाला, "शिकवलं कुणी नाय साहेब. एकदा पडलेली उचलली होती." आणि फोन ठेवला.

तरी माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमधलं सळई शोधायचं यंत्र घेऊन गेलो आणि अख्खी गॅलरी गुडघ्यांवर रांगत तपासली. वीतभर सरकलं की टूं, वीतभर सरकलं की टूं. वर आहे! जिवात जीव आला. विहीणबाई खिडकीतून बघत होत्या. लेकीला म्हणाल्या म्हणे, "डॉक्टर बदला."

तुम्हाला वाटलं, संपलं? अहो, ही एक गॅलरी झाली. उरलेल्या बहात्तरांचं काय? आणि तो व्हिडिओ? मी प्राचार्यांकडे गेलो, म्हटलं, तो आधी काढा. ते म्हणाले, "तो? आपला सगळ्यात जास्त बघितला गेलेला! माझ्या भाषणाला अकरा जण आहेत, तुम्हाला सातशे. दरवर्षी याच दिवसांत शंभर-सव्वाशे वाढतात!" म्हटलं, "त्यात चूक आहे." म्हणाले, "आणि पासवर्ड? तो संगणकवाला नोकरी सोडून गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला." म्हणजे आता तो व्हिडिओ मी मेल्यावरही असणार. मी घरी येऊन त्याच्याखाली लिहिलं, 'यात सळई चुकीची आहे, कृपया वर समजावी.' पण फोनवर नातीचं खातं चालू होतं, तिच्या बडबडगीतांचं, त्यामुळे नावाच्या जागी सशाचं चित्र. तासाभरात कुणीतरी उत्तर दिलं, 'तुम्ही कोण सरांना शिकवणारे?'

मग मी यादी घेतली आणि एकेकाला फोन लावायला बसलो. चार दिवस! आणि काय सांगू, मला कधी वाटलं नव्हतं मी असला आनंद साजरा करीन. चव्वेचाळीस जण सॉफ्टवेअरमध्ये! देव पावला! एरवी मी किती कळवळून बोलायचो, स्थापत्यचं शिक्षण घेतात आणि कॉम्प्युटरवर जाऊन बसतात. आता एकेकाला म्हणत होतो, "छान! तिथेच राहा! विटेला हात लावू नकोस!" अकरा जण अजून स्पर्धा परीक्षा देताहेत, म्हटलं, देत राहा. सात जण परदेशी मॅनेजमेंट शिकायला, पाच बँकेत, चौघं घरच्या दुकानात. एकाहत्तर! एकानेही वीट रचलेली नाही! ही म्हणाली, "तुमच्या एकाही विद्यार्थ्याने तुमचा विषय धरला नाही म्हणून पेढे वाटताय?" म्हटलं, "वाटीन!"

आईचा मोबाइल धरून बहात्तर. राहिला एक. येस सर.

त्याला फोन लागला. "काय करतोस रे बाबा?" तर म्हणाला, "सर, प्राध्यापक झालो. काँक्रीटच शिकवतो. सगळं ऑनलाइन. एकशेवीस मुलं आहेत. गॅलरीला मी तुमचाच व्हिडिओ लावतो, सर. दरवर्षी. त्याच्यापुढे मी काय सांगणार?"

म्हटलं, "आणि मुलं... मुलं काही बोलत नाहीत?"

"नाही सर. एकदम शांत असतात. म्हणजे... यंदा एक मुलगी बोलली. म्हणाली, सर, सळई वर पाहिजे ना, पडेल ती. मी म्हटलं, अगं, ते माझे सर आहेत, गप्प बस!"

बोलली हो! शेवटी एक जण बोलली! सहा वर्षं मी जिची वाट बघतोय, ती बोलली, आणि ह्याने तिला... मी ओरडलो, "अरे, ती बरोबर आहे! ती चूक मी मुद्दाम केलेली! सळई वर!" "येस सर." "आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग!" "येस सर." "तुला कळलं का मी काय म्हणतोय?" "येस सर." आता सांगा, ह्यातून काय समजायचं माणसाने? म्हटलं, त्या मुलीला फोन दे. नशिबाने ती तिथेच होती, वही तेवढी प्रत्यक्ष तपासून घ्यायला आलेली. म्हटलं, "बाळ, तुझं बरोबर होतं. अगदी बरोबर. तू कायम असंच बोलत जा."

ती म्हणाली, "थँक्यू सर. पण परीक्षेत मी खालीच काढली."

"का गं?"

"मार्क जातात ना, सर. पैकीच्या पैकी मिळाले."

...तर असं आहे. दरवर्षी एकशेवीस. तेव्हापासून मी फुटपाथवरून चालत नाही. फुटपाथच्या वर गॅलऱ्या असतात. मी रस्त्याच्या मधोमध चालतो. ही ओरडते, "अहो, एखाद्या दिवशी गाडीखाली याल!" म्हटलं, येईन. गाडीवाला निदान हॉर्न तरी वाजवतो.